संगणकात चोर शिरला तर...



घरात चोरी झाली की ती लगेच कळते. कडी तुटलेली असते, पेटी उघडी पडलेली असते, शेजारीपाजारी धावून येतात. पण चोरीची एक तऱ्हा अशी आहे की चोर घरात शिरतो, चार-आठ दिवस मुक्काम करतो आणि घरच्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. हा चोर शिरतो संगणकात. इंग्रजी जाणणारे याला संगणक हॅक झाला असे म्हणतात.

आपल्या वस्त्यांत आणि चाळींत आता अनेक घरी संगणक आहे. कुणी मुलीच्या डिप्लोमासाठी हप्त्याने घेतला, कुणी भिशीच्या पैशातून जुना विकत घेतला. त्या एका यंत्रात काय काय असते ते जरा मोजून पाहा. मुलांचे जातीचे दाखले आणि जात वैधता प्रमाणपत्रांच्या प्रती, शिष्यवृत्तीच्या अर्जाचा पासवर्ड, वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीचे खाते, आईच्या बचत गटाचा हिशेब, जयंतीच्या वर्गणीची यादी, लग्नाचे फोटो आणि बँकेचा व्यवहार. पत्र्याच्या पेटीत जपून ठेवावे असे सारे काही तिथे असते.

"आमच्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय?" असे अनेकजण म्हणतात. पण हा चोर श्रीमंताचे घर शोधत फिरत नाही. त्याने सोडलेला प्रोग्राम लाखो संगणकांची दारे ढकलून पाहतो आणि जे उघडे सापडेल त्यात शिरतो. खात्यात शिल्लक नसली तरी आपले आधार कार्ड आणि पॅन कार्ड त्याच्या उपयोगाचे असते. आपल्या नावाने कर्ज काढता येते, आपल्या ई-मेलवरून नातेवाइकांना फसवता येते, आपलाच संगणक दुसऱ्यांवर हल्ला करायला जुंपता येतो.

असा प्रसंग आला तर नुकसान किती होणार हे पुष्कळदा आपण पहिल्या एक-दोन तासांत काय करतो यावर ठरते. करायची कामे अवघड नाहीत. मात्र त्यांचा क्रम चुकता कामा नये. तो क्रम आज आपण समजून घेऊ.

चोर शिरला हे कसे ओळखावे?

संगणक नुसता मंद चालतो म्हणजे तो हॅक झाला असे नाही. यंत्र जुने असेल, पंख्यात धूळ साचली असेल, तरी तो मंद होतो. परंतु पुढील गोष्टी दिसल्या तर सावध व्हा. पासवर्ड बरोबर असूनही खाते उघडत नाही. अँटिव्हायरस आपोआप बंद झालेला दिसतो आणि पुन्हा चालू होत नाही. आपण न पाठवलेले ई-मेल ओळखीच्यांना जातात. आपण हात न लावता पडद्यावरचा बाण फिरतो. आपण मागितलेला नसताना ओटीपी येतो. किंवा फोटो आणि कागदपत्रे उघडेनाशी होऊन "पैसे भरा म्हणजे फाइली परत मिळतील" अशी धमकी दिसते.

एक प्रकार मात्र निव्वळ भीती घालण्याचा असतो. इंटरनेट पाहता पाहता पडदा लाल होतो, भोंगा वाजतो आणि "तुमच्या संगणकात व्हायरस आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा" असा मजकूर झळकतो. बहुतेक वेळा ते केवळ एक वेब पान असते. तो नंबर लावू नका. ऑल्ट आणि एफ-४ या कळा एकत्र दाबून पान बंद करा. तरीही गेले नाही तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करा. मायक्रोसॉफ्ट किंवा कुठलीही मोठी कंपनी असा भोंगा वाजवून फोन करायला सांगत नाही. त्या नंबरवर फोन केला की पलीकडचा गोडबोल्या मनुष्य एक अॅप घ्यायला लावतो आणि दूर बसून आपला संगणक स्वतःच चालवू लागतो. खरी चोरी तिथून सुरू होते.

पहिले काम: इंटरनेट तोडा

चोराची ये-जा इंटरनेटच्या वाटेने होते. म्हणून आधी ती वाट बंद करा. केबल असेल तर उपटा, वाय-फायचे राऊटर बंद करा, मोबाइलचा हॉटस्पॉट वापरत असाल तर तो बंद करा. फाइलींची नावे डोळ्यांदेखत बदलताना दिसत असतील तर सरळ संगणकच बंद करा.

त्यानंतर पडद्यावर जे दिसते, विशेषतः धमकीचा मजकूर किंवा अनोळखी व्यवहार, त्याचा मोबाइलने फोटो काढून ठेवा. तक्रारीच्या वेळी तो पुरावा होतो.

दुसरे काम: बँक आणि १९३०

पैसे गेले असतील किंवा जाण्याची शंका असेल, तर वेळ दवडू नका. बँकेला फोन करून नेट बँकिंग, कार्ड आणि यूपीआय बंद करायला सांगा. बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा एटीएम कार्डाच्या मागून घ्या. इंटरनेटवर शोधून घेऊ नका, कारण तिथे बँकेच्या नावाने भामट्यांनीच आपले नंबर पेरून ठेवलेले असतात.

लगेच १९३० हा नंबर लावा. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीच्या तक्रारीसाठी केंद्र सरकारने दिलेला हा देशभरचा नंबर आहे. खाते क्रमांक, किती रुपये गेले, किती वाजता गेले आणि व्यवहाराचा क्रमांक, एवढे जवळ ठेवा. चोरीचा पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात भराभर फिरवला जातो. मध्येच कुठे तो अडवला तर परत मिळण्याची आशा राहते; रोखीने काढला गेला की वाट बिकट होते. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते.

पैसा फिरवण्यासाठी भामट्यांना दुसऱ्यांची बँक खाती लागतात. "खाते वापरायला दे, दोन-पाच हजार मिळतील" असे म्हणून गरजू तरुणांना भुलवले जाते. पुढे पोलीस येतात ते त्या खातेदाराच्या दारात. आपल्या मुलांना हे आजच सांगून ठेवा.

तिसरे काम: पासवर्ड बदला, पण त्या संगणकावरून नव्हे

पुष्कळजण नेमके इथेच फसतात. घाबरून ते त्याच संगणकावर बसतात आणि सगळे पासवर्ड बदलून टाकतात. चोर आत बसलेला असताना नवे कुलूप लावून किल्ली त्याच्याच हातात देण्यासारखे हे आहे. काही घातक प्रोग्राम आपण दाबलेली प्रत्येक कळ टिपून चोराकडे पाठवतात. काही तर क्रोम किंवा एजमध्ये आपण साठवून ठेवलेले सारे पासवर्ड एका झटक्यात उचलतात.

म्हणून पासवर्ड मोबाइलवरून बदला. मात्र त्या मोबाइलवर अनोळखी अॅप घेतलेले नसावे. पहिला मान ई-मेलचा. कारण बाकीच्या खात्यांचा पासवर्ड विसरला की नवा बनवण्याचा संदेश ई-मेलवरच येतो. ज्याच्या हाती ई-मेल, त्याच्या हाती सगळा जुडगा. ई-मेलनंतर बँक, मग भविष्य निर्वाह निधी, शिष्यवृत्ती, फेसबुक आणि इतर.

नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. खात्याच्या सुरक्षेच्या पानावर जाऊन अनोळखी यंत्रे लॉग-आउट करा. पासवर्ड विसरल्यास संदेश कुठे जाणार, तो मोबाइल नंबर आपलाच आहे ना, हे पाहा. ई-मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याची सोय चोराने करून ठेवली नाही ना, हेही तपासा. जीमेलचे खाते हातचे गेले असेल तर आशा सोडू नका. चोराने मोबाइल नंबर बदलला तरी पुढचे सात दिवस जुन्या नंबरवर कोड पाठवण्याचा पर्याय गूगल देऊ शकते. तेव्हा त्याच आठवड्यात प्रयत्न करा.

चौथे काम: संगणक धुऊन काढा

आता संगणकाकडे वळा. पैसे मोठ्या रकमेने गेले असतील तर पोलिसांना विचारल्याशिवाय काहीही पुसू नका. तो पुरावा आहे.

विंडोजमध्ये डिफेंडर नावाचा अँटिव्हायरस मुळातच असतो. त्यातील "ऑफलाइन स्कॅन" हा प्रकार विंडोज पूर्ण चालू होण्याआधीच तपासणी करतो, त्यामुळे लपलेले पुष्कळसे सापडते. पण पुष्कळसे म्हणजे सगळे नव्हे. चोराने मागे काय ठेवले याची खात्री कुठलाही अँटिव्हायरस देऊ शकत नाही. खात्रीचा उपाय एकच. आपल्या फाइली बाहेर काढून घ्या, डिस्क पूर्ण पुसा आणि विंडोज नव्याने घाला.

फाइली बाहेर काढताना फक्त फोटो, कागदपत्रे आणि हिशेब घ्या. प्रोग्राम आणि गेम घेऊ नका. चोर त्यातूनच परत येतो. नवे विंडोज घालण्यासाठी किमान ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह लागतो. विश्वासू माणसाच्या चांगल्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून तो तयार करता येतो. संगणकासोबत अस्सल विंडोज मिळाले असेल तर त्याच यंत्रावर तीच आवृत्ती पुन्हा घालताना सहसा नवे पैसे पडत नाहीत. बाहेर काढलेल्या फाइली परत टाकण्याआधी त्यांची अँटिव्हायरसने तपासणी करा.

हे काम दुकानात करून घ्यायचे असेल तर घरातले खासगी फोटो आणि कागदपत्रे आधी काढून घ्या. आणि "पाचशे रुपयांत विंडोज टाकून देतो" या बोलण्याला भुलू नका. नकली विंडोज चालावे म्हणून जो छोटा प्रोग्राम वापरतात, तो वापरताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. घरचा कुत्रा बांधून ठेवा, मग आम्ही आत येतो, असेच ते सांगणे झाले. मायक्रोसॉफ्टने २०१२ साली जाहीर केलेल्या एका तपासात चीनमधील निरनिराळ्या शहरांतून २० नवे कोरे संगणक विकत घेतले होते. त्यांपैकी ४ संगणकांत खोक्यातून बाहेर काढतानाच घातक प्रोग्राम सापडले.

विंडोज विकत घेणे परवडत नसेल तर चोरीचे वापरण्याची गरज नाही. लिनक्स मिंट किंवा उबंटू या प्रणाली विनामूल्य आहेत, जुन्या यंत्रावरही बऱ्या चालतात आणि त्यांत मराठीही टाइप करता येते. अर्ज भरणे, पत्र लिहिणे, अभ्यासाचे व्हिडिओ पाहणे एवढ्यासाठी त्या पुरेशा आहेत.

फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली असेल तर पैसे भरू नका. पैसे भरूनही फाइली मिळतीलच असे नाही. नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन अँटिव्हायरस कंपन्यांनी २०१६ साली "नो मोअर रॅन्सम" नावाचा उपक्रम सुरू केला. त्याच्या संकेतस्थळावर अशा अनेक कुलपांच्या किल्ल्या विनामूल्य मिळतात.

पुन्हा शिरकाव होऊ नये म्हणून

पहिली गोष्ट, संगणक अद्ययावत ठेवा. १२ मे २०१७ रोजी "वॉनाक्राय" नावाच्या प्रोग्रामने दीडशेच्या आसपास देशांतील लाखो संगणकांना कुलूप घातले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही सापडले. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी, दिलेली होती. ज्यांनी ती घालून घेतली होती ते त्या भोकापासून सुरक्षित राहिले. तेव्हा "अपडेट करा" अशी सूचना विंडोजच्या सेटिंगमध्ये आली की ती उद्यावर ढकलू नका. विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली, हेही जुने संगणक वापरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

दुसरी गोष्ट पासवर्डची. आपल्या किती घरांत "जयभीम" आणि पुढे १२३, १४ किंवा १९५६ असा पासवर्ड आहे, हे ज्याने त्याने मनाशी तपासावे! मनातली श्रद्धा मनात ठेवावी. पासवर्ड मात्र कुणाला सुचणार नाही असा असावा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडा, उदाहरणार्थ घरातले भांडे, गावचा ओढा, एखादी भाजी, एखादे यंत्र. लक्षात राहायला सोपा, ओळखायला कठीण. प्रत्येक खात्याला वेगळा ठेवा. लक्षात राहत नसेल तर वहीत लिहा आणि ती वही रेशन कार्डासोबत कपाटात ठेवा. परदेशातला चोर आपले कपाट उघडू शकत नाही. शिवाय ई-मेलला दुहेरी पडताळणी लावा, म्हणजे पासवर्ड कळला तरी मोबाइलवरच्या संमतीशिवाय दार उघडणार नाही.

तिसरी गोष्ट, मुलांसाठी संगणकावर वेगळे साधे खाते बनवा. नवा प्रोग्राम घालण्याचा अधिकार घरातल्या एका जाणत्या माणसाच्या खात्याला असू द्या. राऊटरचाही मूळचा पासवर्ड बदला. २०१६ साली "मिराई" या प्रोग्रामने कारखान्यातून आलेले मूळ पासवर्ड तसेच ठेवलेले राऊटर आणि कॅमेरे हजारोंच्या संख्येने ताब्यात घेतले होते.

चौथी गोष्ट, प्रती ठेवा. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो संगणकाला लावून ठेवू नका, काढून कपाटात ठेवा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांसारखी कागदपत्रे सरकारच्या डिजिलॉकरमध्येही मिळतात. शिष्यवृत्तीच्या अर्जात मोबाइल नंबर आणि बँकेचा तपशील आपलाच आहे ना, हे पुन्हा पाहून घ्या. कर्जाचा अहवाल प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. आपल्या नावावर परस्पर कर्ज काढलेले असेल तर त्यात ते दिसते.

कायदा आपल्या बाजूला आहे

दुसऱ्याच्या संगणकात चोरून शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये गुन्हा आहे. कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. दुसऱ्याचा पासवर्ड वापरण्यासाठी कलम ६६ क आहे, तोतयेगिरी करून फसवण्यासाठी ६६ ड. गुन्हा कुठेही घडलेला असो, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार कोणत्याही पोलीस ठाण्यात खबर देता येते. "आमच्या हद्दीत नाही" असे सांगून परत पाठवले तर हे शांतपणे सांगा. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

बँकेच्या बाबतीतही तसेच. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने एक तत्त्व घालून दिले. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, अशी चोरी झाली आणि ग्राहकाने बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले, तर ग्राहकावर बोजा नाही. ग्राहकाने स्वतःच ओटीपी दिला असला, तरी बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचे. म्हणून कळवल्याची तारीख, वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

घरच्यांसाठी एक विनंती

या सगळ्यात मोठा अडथळा संगणकाचा नसतो, भीतीचा असतो. मुलाने गेम उतरवताना भलते काही घेतले, किंवा आजोबांनी फोनवरच्या माणसाचे ऐकून अॅप घातले. आता सांगितले तर बोलणी खावी लागतील, म्हणून ते गप्प राहतात. एक रात्र जाते, दोन दिवस जातात. तेवढा वेळ चोराला मिळतो. शिकली सवरलेली माणसे आणि मोठे अधिकारीही या जाळ्यात सापडतात. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. "काहीही झाले तरी आधी सांग, रागावणार नाही," असा शब्द घरातल्या प्रत्येकाला आज द्या आणि वेळ आली तर तो पाळा. ज्या मुलामुलींना संगणक कळतो त्यांनी एखादा रविवार काढून विहारातल्या अभ्यासिकेत चार आयाबायांचे ई-मेल तपासून दिले, तर ते मोठेच काम होईल.

कापून कपाटाच्या दाराला लावा

१. इंटरनेट तोडा. पडद्याचा फोटो काढा.
२. बँकेला फोन करा. नंबर पासबुकावरून घ्या.
३. १९३० लावा. तक्रार क्रमांक लिहून ठेवा.
४. मोबाइलवरून पासवर्ड बदला. आधी ई-मेल, मग बँक, मग बाकीचे.
५. फोटो आणि कागदपत्रे बाहेर काढा. डिस्क पुसून प्रणाली नव्याने घाला.
६. अपडेट, दुहेरी पडताळणी आणि कपाटात एक प्रत, ही कायमची सवय लावा.